नाशिकच्या गंगापूर रोडवरील एका बालविकास केंद्राचा वर्षभराचा अनुभव

आमचा मुलगा तिसरीत असताना शाळेच्या डायरीत लाल शेरा आला नाही असा आठवडा जात नव्हता. ‘तास चालू असताना जागेवरून उठतो’, ‘मध्येच बोलतो’, ‘वही अपूर्ण’. एडीएचडी (लक्ष न टिकणे, अतिचंचलता आणि उतावळेपणा यांचा विकार) असावे अशी शंका आल्यावर आम्ही गंगापूर रोडवरील एका बालविकास केंद्राची वाट धरली. मुलाची ओळख उघड होऊ नये म्हणून केंद्राचे नाव लिहीत नाही.

निदानाची घाई झाली नाही, ही मोठी जमेची बाजू. एडीएचडी रक्ततपासणीत किंवा स्कॅनमध्ये दिसत नाही. लक्षणे वयाच्या १२ वर्षांच्या आधीपासून आहेत का, किमान ६ महिने टिकली आहेत का आणि घर व शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी जाणवतात का, हे पडताळावे लागते. त्यासाठी मुलाच्या वागण्याची नोंद घेणारी व्हँडरबिल्ट प्रश्नावली आम्हांला दिली, तशीच वर्गशिक्षिकांसाठी वेगळी दिली आणि कान-डोळे तपासून आणण्यास सांगितले. त्यापूर्वी एका डॉक्टरांनी ‘मोठा झाला की शांत होईल’ असे म्हणून पाच मिनिटांत आमची बोळवण केली होती.

खरा उपयोग झाला तो केंद्रातील समुपदेशक ताईंच्या शाळाभेटीचा. मागच्या बाकावर दोन तास बसून त्यांनी वर्ग पाहिला आणि बाईंशी बोलून पोस्टकार्डाएवढे एक कार्ड तयार केले. त्यावर तीनच ओळी होत्या: हात वर करून बोललो, फळ्यावरचा गृहपाठ उतरवून घेतला, मधल्या सुट्टीत मारामारी केली नाही. शाळा सुटताना बाई हिरव्या पेनाने खुणा करतात. चांगल्या आठवड्याबद्दल रविवारी सोमेश्वरला फिरायला नेण्याचे आम्ही कबूल केले होते. अशा मुलांना रविवार फार लांब वाटतो, बक्षीस त्याच संध्याकाळी मिळाले पाहिजे, असे सांगून ताईंनी तो बेत मोडीत काढला. आता दोन खुणा मिळाल्या की कॅरमचा एक जादा डाव. त्याला खिडकीपासून दूर, पुढच्या बाकावर बसवावे आणि वह्या वाटण्याचे काम द्यावे, म्हणजे उठण्याची हौस रीतसर भागेल, ही सूचनाही त्यांचीच. गुणांत फारसा फरक नाही; मात्र मारामारीची शेवटची तक्रार दिवाळीपूर्वीची आहे.

औषधाचा आग्रह कोणी धरला नाही. ते ठरवणे बालमानसोपचारतज्ज्ञांचे काम आहे, हे केंद्राने स्पष्ट सांगितले.

तक्रारी मात्र आहेत. नऊ पानी अहवाल संपूर्ण इंग्रजीत आला. मराठी माध्यमाच्या शाळेत तो कोणी वाचायचा? पाठपुरावा केल्यावर तीन आठवड्यांनी एक पानी मराठी सारांश हाती पडला, आणि बाईंनी प्रत्यक्षात वापरला तो तेवढाच. ऑक्युपेशनल थेरपीच्या (रोजची कामे नीट जमावीत म्हणून कृतींतून दिल्या जाणाऱ्या उपचाराच्या) बहुतेक वेळा सकाळी ११ ते दुपारी १ अशा ऐन शाळेच्या असल्याने ज्या मुलाला वर्गात बसायला शिकवायचे, त्यालाच आठवड्यातून दोनदा वर्गातून उठवून न्यावे लागले. शनिवारच्या वेळेसाठी आम्ही चार महिने थांबलो. शिवाय बारा सत्रांचे शुल्क आगाऊ घेतात, आणि शाळाभेट त्यात धरलेली नसते. तिचे पैसे वेगळे पडतात, हे आम्हांला पावती फाडल्यावर कळले.