बारा लिटरचा डीह्युमिडिफायर: रत्नागिरीतला अख्खा पावसाळा काढल्यावर

हवेतली ओल काढणारं हे मशीन मृगाच्या आधी घेतलं, आता दिवाळीची आवराआवर चालू आहे. घर रत्नागिरीत, तळमजल्यावर, भिंती जांभ्या चिऱ्याच्या. आषाढात खिडकी उघडली तर बाहेरची ओल आत येते आणि लावून घेतली तर आतली कोंडते, हे इथल्यांना सांगायला नको.

काम एसीसारखंच. पंखा हवा ओढतो, थंड कॉइलवर बाष्पाचं पाणी होतं आणि टाकीत पडतं. पण गरम हवाही खोलीतच सुटते, त्यामुळे दोन-तीन अंश उकाडा वाढतो. शिवाय कंप्रेसरची घरघर. म्हणून झोपायच्या खोलीत आम्ही दुपारीच लावतो, दारं-खिडक्या बंद करून. खोक्यावरचे १२ लिटर म्हणजे दिवसभरात निघणारं पाणी, आणि तेही ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रतेला मोजलेलं असतं. थंडीत तेवढं पाणी निघणार नाही. टाकी दोनच लिटरची, भरली की मशीन थांबतं. नळी जोडून ती मोरीत सोडली आणि ती कटकट संपली. आर्द्रता ५५ ते ६० वर ठेवा. ४० वर लावलंत तर ते थांबायचं नावच घेत नाही. आमचं मशीन २५० वॉटचं, म्हणजे चार तासांना एक युनिट.

कपाटातला कुबट वास गेला. चामड्याच्या पट्ट्यांवर, चपलांवर हिरवा थर यायचा, तो यंदा नाही. सगळ्यात खूश आमचे वडील, कारण पेटीच्या पट्ट्या ऐन गणपतीत फुगून अडकायच्या, त्या या वेळी आरतीला सरळ वाजल्या!

पश्चिमेच्या भिंतीपुढे मात्र मशीनने हात टेकले. चिरा सच्छिद्र, पावसाचा मारा थेट त्यावर, आणि आतून सिमेंटचा गिलावा नि वर ऑइल पेंट. शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच नाही, मग पोपडे सुटणारच. मशीन हवा कोरडी करतं, गळकी भिंत नाही. शेवटी गवंड्याला बोलावून पेंट खरवडला, चुना दिला, पागोळ्यांना पन्हळ लावली आणि बाहेरून पत्रा ठोकला. आजी त्याच बाजूला नारळाची झापं बांधायची, ती काही शोभेसाठी नव्हे. तुमची भिंत बाहेरून भिजत असेल तर आधी तिथे पैसे घाला, मशीन नंतर.

आधीची बुरशी कोरड्या ब्रशने घासू नका, सगळ्या घरभर उडते. तोंडाला मास्क लावून ओल्या फडक्यानेच पुसा.

मोठी खोट एकच: वीज जाऊन आली की आमचं मॉडेल आपोआप सुरू होत नाही. कोकणातल्या पावसाळ्यात हे दिवसातून कितीदा होतं, काय सांगू! घेताना ही सोय आहे का, हे आधी विचारा.

आणि हो, टाकीतलं पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीला चालेल का, हे येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो. नाही चालत, त्यात कॉइलवरची धूळ आणि धातूचा अंश असतो. फरशी पुसायला वापरा.