सेप्टिक टाकी, कोबा आणि पेव्हर एकाच ठेकेदाराकडे: रत्नागिरी तालुक्यातल्या एका कामाचं परीक्षण

सहा माणसांचं घर, जांभ्याची जमीन, परड्यात विहीर. सेप्टिक टाकी, शोषखड्डा, गाडीसाठी ४०० चौरस फुटांचा कोबा आणि अंगणात पेव्हर ब्लॉक, अशी सगळी कामं मालासकट एकाच स्थानिक ठेकेदाराला दिली होती. टाकी उत्तम झाली, कोबा ठीक आहे, पेव्हर कच्चे राहिले. पाचपैकी साडेतीन.

आधी टाकीबद्दल, कारण तिथेच या माणसाची खरी किंमत कळते. कोकणात अजूनही बिनतळाच्या टाक्या बांधल्या जातात. ‘पाणी खालीच जिरतं, टाकी कधी भरत नाही’ असं सांगितलं जातं. पण जांभा सच्छिद्र असतो. त्याच्या पोकळ्यांतून ते मैलापाणी न गाळता विहिरीपर्यंत पोचू शकतं. या ठेकेदारानं अशी टाकी बांधायला पहिल्याच भेटीत साफ नकार दिला. त्यानं आयएस २४७० या सेप्टिक टाक्यांसाठीच्या भारतीय मानकाप्रमाणे माप धरलं: आतून २ मीटर लांब, ०.९ मीटर रुंद, पाण्याची खोली १.४ मीटर आणि वर ०.३ मीटर मोकळी जागा. दहा माणसांसाठी दोन वर्षांनी उपसायची टाकी एवढी लागते. पाहुणे आणि गणपतीतली गर्दी धरता सहा माणसांच्या घराला हेच माप योग्य. आडभिंत मैला आत येतो त्या तोंडापासून दोन तृतीयांश अंतरावर आहे. बाहेर जाणारा पाइप आत येणाऱ्यापेक्षा ५० मिलिमीटर खाली आहे आणि दोन्हीकडे टी (इंग्रजी T च्या आकाराचे पाइपाचे जोड) बसवले आहेत. बाहेरच्या तोंडाला टी नसेल तर वरची साय थेट शोषखड्ड्यात जाते. मग त्याची भोकं बुजतात आणि लोक खड्डा लहान पडला म्हणून दुसरा खणतात.

पाण्याची चाचणी मात्र मागावी लागली, दरपत्रकात ती नव्हती. आतून १:३ चा (एक भाग सिमेंट, तीन भाग रेती) गिलावा झाल्यावर टाकी काठोकाठ भरली. पहिल्या दिवशी भिंती पाणी पितात, म्हणून पातळी पुन्हा भरून खडूनं खूण केली आणि २४ तास थांबलो. पाणी खुणेच्या खाली उतरलं. बाहेरून पाहिलं तर बाहेर जाणारा पाइप भिंतीतून निघतो तिथे, पाइपाच्या खालच्या अंगाला, चिऱ्यावर ओल दिसत होती. पीव्हीसीच्या गुळगुळीत पाइपाला मसाला धरत नाही, त्यामुळे गळती बहुधा याच जागी होते. त्यानं भोवतीचा मसाला फोडून काढला, पाइप खरवडून घेतला, न आकसणारा ग्राउट (फटी भरायचा सिमेंटचा पातळ मसाला) भरला आणि दुसऱ्यांदा पाणी भरून दाखवलं. जादा पैसे मागितले नाहीत. बाजूची माती तोवर भरलेली नव्हती म्हणूनच हे दिसलं.

शोषखड्डा विहिरीपासून निदान १८ मीटर आणि घरापासून ६ मीटर लांब हवा. आपल्या विहिरीइतकीच शेजाऱ्याची विहीरही मोजायची. त्यानं टेप लावून दोन्ही अंतरं दाखवली, हे फार चांगलं केलं. जमीन किती पाणी पिते ते मात्र न तपासताच खड्डा खणला. छोट्या खड्ड्यात पाणी भरून जमीन मुरवून घ्यावी, मग पातळी २५ मिलिमीटर उतरायला किती वेळ लागतो ते पाहावं. अर्ध्या तासाहून जास्त लागला तर शोषखड्ड्यावर भिस्त ठेवू नये. जांभ्यात इथे निभावलं, चिकण मातीत निभणार नाही.

कोबा ४ इंची, एम २० दर्जाच्या काँक्रीटचा. या प्रमाणाला, म्हणजे सिमेंट, रेती, खडी १:१.५:३ ला, ४०० चौरस फुटांत साधारण ३० पोती सिमेंट जातं. रिकामी पोती मोजली की हिशेब कळतो. इथे तो बरोबर होता. पाण्यात गडबड झाली. पोत्याला जास्तीत जास्त ३० लिटर, म्हणजे दहा लिटरच्या तीन बादल्या, आणि रेतीतली ओलही त्यातच धरायची. क्रश सँडचा, म्हणजे दगड फोडून केलेल्या रेतीचा, माल ओढायला जड जातो, म्हणून मुकादमाचं लक्ष नसताना चौथी बादली पडत होती. पृष्ठभागावर धूळ सुटते ती त्यामुळे. सांधे कापायला कटर तिसऱ्या दिवशी आला. तोवर गेटजवळ तिरकी चीर गेली होती. ४ इंची कोब्याला अडीच ते तीन मीटरवर, इंचभर खोल काप पहिल्या २४ तासांच्या आसपास हवा. पीपीसी (राख मिसळलेलं, सावकाश घट्ट होणारं) सिमेंट असल्यानं निदान दहा दिवस पाणी मारायचं होतं, ते त्याच्या माणसांनी न चुकता मारलं.

पेव्हर ६० मिलिमीटरचे, ब्लॉक चांगले, पण खालची तयारी घाईची. पाइपाचा चर एकदम भरला. तो सहा-सहा इंचांचे थर देऊन, पाणी मारून, धुमसून भरायला हवा होता. पहिल्याच पावसाळ्यात चराच्या रेषेत ब्लॉक बसले. एका कडेला कर्ब, म्हणजे ब्लॉक अडवून धरणारी काठाची पट्टी, नव्हता, तिथले सांधे उघडले. फोन केल्यावर चार दिवसांत माणसं पाठवून त्यानं ब्लॉक उचलून चर पुन्हा भरून दिला, कर्ब मात्र वेगळे पैसे घेऊन केला.

टाकीचं काम त्याला निर्धास्त द्यावं. पेव्हर द्यायचे असतील तर थरांची जाडी आणि कर्ब दरपत्रकात लिहून घ्यावं, आणि शेवटचा हप्ता एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवावा. टाकीची दोन्ही झाकणं फरशीच्या पातळीला, वरून दिसतील अशी ठेवायला सांगावीत. अनेक जण ती ब्लॉकखाली झाकून टाकतात. सुरक्षा साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवून सफाई करून घेण्याला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे, तेव्हा उपसा गाडीनंच करायचा असं धरावं. ती गाडी कुठे उभी राहील आणि तिथून नळी दोन्ही कप्प्यांत पोचेल का, हे खोदाईआधीच ठरवावं.