येझदीचं 'जळालेलं' आर्मेचर आणि माझे साडेसहा हजार

बाबांच्या १९७८ च्या येझदी मोटरसायकलच्या फ्रेमला गेल्या वर्षी पावडर कोटिंग करून घेतलं. गाडी दिसायला नवी झाली आणि चार्जिंग गेलं. किल्ली फिरवली की लागणारा लाल दिवा रेस दिल्यावर विझायला हवा, तो विझेचना. या गाडीला बॅटरी इग्निशन, बॅटरी उतरली की इंजिनही मान टाकतं. कात्रजच्या घाटात दोनदा ढकलून झाली.

पुण्यात जुन्या गाड्यांचं काम करणारा एक जण कळला. त्याने कव्हर उघडलं, गाडीची वीज तयार करणाऱ्या डायनामोवर टॉर्च मारला आणि म्हणाला, "साहेब, आर्मेचर जळालंय. ठेवून जा." आर्मेचर म्हणजे डायनामोच्या आत फिरणारी तारांची गुंडाळी. मी ठेवून गेलो. इथेच माती खाल्ली. दुसऱ्या दिवशी त्याने काळंठिक्कर आर्मेचर हातात दिलं, वासही घ्यायला लावला. वाइंडिंग केलेलं दुसरं आर्मेचर, चार्जिंगचा व्होल्टेज ताब्यात ठेवणारा नवा रेग्युलेटर आणि मजुरी मिळून साडेसहा हजार. जुने पार्ट मागितले, तर "ते भंगार मजुरीत धरलंय." येझदीचा मैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, पार्ट मिळत नाहीत, एवढं ऐकलं की आपण कुठल्याही भावाला मान डोलावतो. मीही डोलावली.

तीन आठवड्यांत बॅटरीतलं ॲसिड उकळून बाहेर यायला लागलं. मग एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्यांनी कशालाही हात लावण्याआधी मीटर लावला. सहा व्होल्टची बॅटरी गाडी बंद असताना ६.३ च्या आसपास दाखवते, रेसवर सातच्या थोडं वर जाते. माझी साडेआठ दाखवत होती. रेग्युलेटर अगदी हलका, लोकल. मग त्यांनी आर्मेचर काढलं. त्याच्या कडेला तीन बारीक खाचा! बाबा उघडलेल्या प्रत्येक पार्टवर तीन खाचा मारायचे, घरचा कुकरही त्यातून सुटला नव्हता. म्हणजे आर्मेचर आमचंच, पॉलिश पेपर मारून परत बसवलेलं.

मूळ बिघाड तर हसण्यासारखा. रेग्युलेटर बसतो तिथे पावडर कोटिंगचा जाड थर, त्यामुळे त्याला अर्थिंगच, म्हणजे फ्रेमच्या धातूशी जोड, मिळत नव्हतं आणि आतला कटआउट, म्हणजे डायनामो बॅटरीला जोडणारा स्विच, ओढत नव्हता. आता तिथला रंग नीट खरवडलेला होता. म्हणजे त्या पठ्ठ्याला दोष पहिल्याच दिवशी कळला होता. दोन रुपयांच्या पॉलिश पेपरचं काम! पैशांपेक्षा मला मूळ रेग्युलेटर गेल्याचं जास्त लागलं. तो चांगला चालू होता. रंगकामानंतर चार्जिंग गेलं तर आधी अर्थिंगच्या जागा खरवडून बघा, आणि गाडी ठेवायचीच असेल तर पार्टवर खूण करून फोटो काढून ठेवा.

रेग्युलेटर मागायला परत गेलो, तर "कुठला?" म्हणाला. काउंटरवर ते काळंठिक्कर आर्मेचर तसंच होतं. पुढच्या गिऱ्हाइकासाठी.