ओटीएसनंतर ‘सिबिल क्लीन करून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका

तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराचं ट्रॅक्टरचं कर्ज थकलं होतं. बाकी 4 लाख 80 हजार. बँकेनं ओटीएसमध्ये, म्हणजे एकरकमी तडजोडीत, 3 लाख 10 हजारांवर मिटवलं, दाखला दिला, आरसीवरचा बोजाही उतरला. पुढं दुसऱ्या बँकेत कर्ज मागायला गेले, तेव्हा सिबिल रिपोर्टात त्या खात्यापुढं ‘सेटल्ड’ दिसलं आणि प्रकरण नामंजूर झालं. मग सांगलीत एक एजंट भेटला. “अण्णा, काळजी सोडा. मुंबईत आपला माणूस हाय. 45 दिवसांत सेटल्ड काढतो, स्कोअर साडेसातशेच्या वर नेतो.” फी 18 हजार, निम्मी आगाऊ.

यात खोट कुठं आहे, ते नीट समजून घ्या. सिबिल असो, एक्सपेरियन, इक्विफॅक्स की सीआरआयएफ हाय मार्क, कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या या कंपन्या बँकेनं पाठवलेली माहिती नोंदवतात. बँकेच्या होकाराशिवाय त्या ती बदलत नाहीत. ‘सेटल्ड’ म्हणजे बँकेनं काही रक्कम सोडून दिली, आणि या प्रकरणात 1 लाख 70 हजार खरोखरच सुटलेले होते. नोंद खरी असेल, तर मुंबईतला कुठलाही माणूस ती पुसू शकत नाही.

एजंटनं केलं ते असं. पॅन, आधारचा फोटो आणि ओटीपी घेऊन सिबिलच्या साइटवर खातं उघडलं, पण ईमेल स्वतःचा टाकला. ‘ही माहिती चुकीची आहे’ अशी तक्रार नोंदवली. ही तक्रार कोणालाही फुकट करता येते. तपास चालू असेपर्यंत रिपोर्टात त्या खात्यावर वादाचा शेरा दिसतो. त्याचाच स्क्रीनशॉट दाखवून “काम सुरू झालं बघा” म्हणत उरलेले 9 हजार घेतले. बँकेनं माहिती बरोबर असल्याचं कळवल्यावर शेरा गेला. ते उत्तर मात्र एजंटच्या ईमेलवर गेलं, अण्णांना पत्ताच नाही. शेवटी त्यानं बँकेच्या लेटरहेडवर बनावट बेबाकी दाखला करून दिला. सगळ्यात घातक भाग हाच. असा कागद दुसऱ्या बँकेत दिला आणि तिथं पडताळणी झाली, तर खोटा कागद देणारा म्हणून नाव कर्जदाराचं लागतं. सुदैवानं तो कागद बँकेत जायच्या आधीच थांबवला गेला.

खरा रस्ता शाखेतूनच जातो. ‘ओटीएसमध्ये दिलेली सूट भरायला तयार आहे, भरल्यावर खातं क्लोज्ड म्हणून कळवाल का आणि एकूण किती भरायचे’ असा अर्ज शाखाधिकाऱ्यांना द्या, पोच घ्या. लेखी उत्तर हातात येईपर्यंत एक रुपया भरू नका, कारण तोंडी होकार पुढच्या साहेबाला बांधील नसतो. सूट दिलेल्या रकमेत मुद्दल किती, व्याज किती, हे ओटीएसच्या पत्रात बघा. व्याजाचा भाग सोडा म्हणून विनंती करता येते, मान्य करणं बँकेच्या हातात. कर्ज एआरसीला, म्हणजे थकीत कर्जं विकत घेणाऱ्या कंपनीला, विकलेलं असेल, तर व्यवहार तिच्याशी. पैसे फक्त कर्जखात्यात, चेकनं किंवा आरटीजीएसनं भरा.

1 जानेवारी 2025 पासून बँकांना ही माहिती किमान दर पंधरवड्याला पाठवावी लागते. पैसे भरल्यावर महिनाभरानं रिपोर्ट काढा. प्रत्येक कंपनीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. बदल नसेल तर दाखला जोडून तक्रार करा. 30 दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळण्याचा नियम आहे. तरीही दाद नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, माहितीसाठी 14448.

‘क्लोज्ड’ झालं म्हणून स्कोअर लगेच उडी मारत नाही. मागच्या 36 महिन्यांचे थकीत हप्ते रिपोर्टात महिन्यावार दिसतात. त्यावर उपाय नव्या, वेळेवर फेडलेल्या कर्जाचाच. सूट भरण्याइतके पैसे नसतील, तरी हे करता येतं. 20-25 हजारांच्या मुदत ठेवीवर क्रेडिट कार्ड घ्या, मर्यादेच्या 30 टक्क्यांच्या आत वापरा, आणि ‘किमान रक्कम’ नव्हे, पूर्ण बिल भरा. या काळात चार बँकांत एकदम अर्ज टाकू नका. प्रत्येक चौकशी रिपोर्टात नोंदली जाते. स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्यानं मात्र स्कोअर घटत नाही.

एजंटला कागद आणि ओटीपी देऊन बसला असाल, तर आधी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा. पैसे नुकतेच गेले असतील तर तासातासाला फरक पडतो. सिबिलकडं आपला ईमेल आणि मोबाईल दुरुस्त करून घ्या. मग चारही कंपन्यांचे रिपोर्ट काढून शेवटचा ‘चौकशी’चा भाग वाचा. आपण अर्जच न केलेल्या बँकेचं किंवा कर्ज देणाऱ्या कंपनीचं नाव तिथं दिसलं, तर आपल्या पॅनवर कोणीतरी कर्ज मागितलंय. त्याच दिवशी त्या बँकेला किंवा कंपनीला लेखी कळवा आणि पोलिसांत तक्रार द्या.