फाशीवर बोलणारा अभ्यासवर्ग

वसईतल्या आमच्या धर्मग्रामाने (चर्चच्या स्थानिक समुदायाने) प्रायश्चित्तकाळात (ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत) पाच शुक्रवार अभ्यासवर्ग घेतला. फी ५० रुपये, चहा धरून. विषय अमेरिकेतल्या धर्माचा आणि राजकारणाचा, पण चौथ्या शुक्रवारी मला रात्रभर झोप लागली नाही. चर्चा फाशीची होती. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ मध्ये कॅटेकिझम (कॅथलिक चर्चच्या शिकवणीचा अधिकृत ग्रंथ) बदलून मृत्युदंड अस्वीकार्य ठरवला. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी (तेही कॅथलिक) केंद्र सरकारच्या ४० पैकी ३७ फाशीच्या कैद्यांना जन्मठेप दिली. मग उरलेले तिघे? माझ्या मावसभावाचा खून झालाय, त्यामुळे मी तावातावाने बोलले. फादरांनी मधे न बोलता सगळं ऐकून घेतलं. गर्भपाताचा निर्णय राज्यांवर सोडणारा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा निकाल मात्र दहा मिनिटांत उरकला, ते पटलं नाही. पुढल्या वर्षी मावशीला घेऊन जाणार.