कॅटॅलिटिक लाकडी स्टोव्ह: पूर्ण हिवाळा वापरल्यानंतर

या स्टोव्हचं मोल कळतं ते मंद आचेवर. मोठा जाळ काय, कुठल्याही बंदिस्त स्टोव्हमध्ये छान होतो. पण साध्या स्टोव्हची हवा कमी केली की लाकूड धुमसायला लागतं, आणि न जळलेला धूर धुराड्यात क्रिओसोटचे चिकट थर चढवत निघून जातो. त्या धुरातच भरपूर उष्णता असते. तो नुसत्या ज्वाळेने जाळायला साधारण ५५० ते ६०० अंश सेल्सिअस तापमान लागतं, ते मंद विस्तवाच्या आवाक्यात नाही.

कॅटॅलिटिक स्टोव्हमध्ये धुराच्या वाटेवर सिरॅमिकची जाळी आहे, मधमाशांच्या पोळ्यासारखी. तिच्या भोकांना आतून पॅलेडियम-प्लॅटिनमसारख्या धातूंचा पातळ लेप असतो. हा लेप म्हणजेच कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक). त्यामुळे धूर २६० ते ३०० अंशांच्या आसपासच जळू लागतो. रात्री ओंडके भरून हवा कमी करायची. सकाळी खोली उबदार आणि राखेखाली निखारे जिवंत. नवीन लाकूड त्यांच्यावरच पेटतं. मला हे फार आवडलं.

सगळं कसब बायपासच्या दांड्यात आहे. पेटवताना बायपास उघडा ठेवायचा, म्हणजे धूर जाळीला वळसा घालून थेट वर जातो. जाळीजवळच्या थर्मामीटरचा काटा २६० च्या पुढे गेला आणि लाकडाने नीट पेट घेतला की बायपास बंद. मग धूर जाळीतच जळतो, त्याच उष्णतेवर जाळी तापलेली राहते आणि काटा भराभर चढतो. लाकूड घालायला दार उघडण्याआधी बायपास पुन्हा उघडायचा, नाहीतर धूर खोलीत येतो. जाळी लालबुंद दिसत नाही म्हणून हवा वाढवू नका. मंद जाळात ती न चमकताही काम करत असते, काट्याकडे बघा.

लाकूड मात्र खरोखर कोरडं हवं, ओलावा २० टक्क्यांच्या आत. ओलावा मोजायचा मीटर लावायचा तो ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूला. वरची साल फसवते. ओल्या लाकडाची वाफ तापलेल्या जाळीवर गेली तर ती तडकू शकते. रंगवलेलं लाकूड, प्लास्टिक, कोळसा, चकचकीत छापील कागद यातलं काहीही आत घालू नका. त्यांतले घटक लेपावर बसतात आणि जाळी निकामी होते.

राखेने भोकं बुजतात, तेव्हा स्टोव्ह पूर्ण थंड झाल्यावर मऊ ब्रश फिरवायचा. एवढंच.

ज्यांना काटा बघणं आणि दांडा हलवणं कटकटीचं वाटतं, त्यांनी विनाकॅटॅलिस्ट स्टोव्ह घ्यावा. तिथे वरच्या नळ्यांतून येणाऱ्या गरम हवेने धूर जळतो आणि ज्वाळाही जास्त देखण्या दिसतात. शिवाय ही जाळी काही वर्षांनी बदलावीच लागते, म्हणून खरेदीआधीच नव्या जाळीची किंमत विचारून ठेवा. बायपास बंद करूनही काटा चढेनासा झाला, आणि कोरडं लाकूड असूनही धुराड्यातून धूर दिसत राहिला, तर आधी ती साफ करून बघा. तरीही फरक पडला नाही, तर बदलायची वेळ आली.