ऑरेगॉनच्या किनाऱ्यावर नऊ महिने ट्रेलर: पावसापेक्षा ओलीने जास्त दमवलं

गेल्या सप्टेंबरात आम्ही अमेरिकेत सेकंडहँड ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं छोटं घर, घेतला, 21 फुटी, 2017 चं मॉडेल, आणि ऑक्टोबर ते जून मिळून 12 ट्रिपा, 29 रात्री झाल्या. बहुतेक सगळ्या ऑरेगॉनच्या किनाऱ्यावर. आम्ही बीव्हर्टनला राहतो, ट्रेलर लावून किनाऱ्यावरच्या सीसाइड गावाला पोचायला दोन तास धरायचे. इथले देशी मित्र म्हणतात पावसात कसलं कॅम्पिंग करता, पण मी देवगडची, मला पाऊस पडत असताना समुद्र बघायला मिळणं हेच सुख वाटतं. फक्त इथलं वेळापत्रक आपल्या बरोबर उलटं आहे, उन्हाळा कोरडा आणि खरा पाऊस ऑक्टोबरपासून पुढे सहा-सात महिने. उन्हाळ्यातल्या स्टेट पार्कच्या (सरकारी उद्यानांतल्या) कॅम्पिंगच्या साइट्स सहा महिने आधी बुकिंग उघडलं की संपतात, आणि जानेवारीत मात्र गुरुवारी ठरवून शुक्रवारी जाता येतं.

आधी जे आवडलं ते सांगते. फोर्ट स्टीव्हन्स या स्टेट पार्कला 30 अँपचं हूकअप, म्हणजे साइटवरच्या विजेची जोडणी, लावून आत बसलो होतो, बाहेर सोसाट्याचा वारा, छपरावर ताशे वाजल्यासारखा पाऊस, लेक कंबलमध्ये गुंडाळून पत्ते खेळतेय आणि कुकरमध्ये खिचडी. तंबूत हे शक्यच नाही, तंबूत आम्ही दोन वर्षं भिजलोय. तिथल्या बीचवर पीटर आयर्डेल नावाच्या जहाजाचा सांगाडा आहे, 1906 साली वाळूत रुतलं ते अजून तिथेच. जवळ जाऊन हात लावला तर लोखंडाचे पापुद्रे सुटून हातात येतात. खाऱ्या वाऱ्यात लोखंडाचं काय होतं ते मला तिथे नीट कळलं, तेव्हापासून प्रत्येक ट्रिपनंतर घरी आल्या आल्या ट्रेलरचे जॅक (टेकू), हिच (गाडीला जोडायचा भाग) आणि खालची फ्रेम गोड्या पाण्याने धुते, आणि गाडीला लावायच्या सात पिनांच्या प्लगला ओल न लागू देणारं डायइलेक्ट्रिक ग्रीस लावते. एकदा आळस केला तर पुढच्या वेळी उजवा इंडिकेटरच लागेना.

आता मुख्य मुद्दा. पहिले तीन महिने मी फक्त वरून येणाऱ्या पाण्याची काळजी केली. ती करायलाच हवी होती, कारण ज्यांच्याकडून ट्रेलर घेतला त्यांनी छताचं सीलिंग नवीन केलंय म्हणून सांगितलं होतं, आणि नोव्हेंबरात न्यूपोर्टजवळच्या साउथ बीच पार्कला मुक्काम असताना रात्री दोन वाजता बेडवरच्या कपाटातून टप टप सुरू झालं. खालून सगळं ठीक दिसत होतं. घरी आल्यावर शिडी लावून वर गेले तर पुढच्या काठावरच्या छोट्या दिव्याभोवतीच्या सीलंटला केसाएवढी चीर, बोटाने दाबलं की आतून पाणी वर यायचं, स्क्रू गंजून तपकिरी झालेले. जुनं सीलंट प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून काढलं, कोरड्या दिवसाची आठ दिवस वाट बघितली आणि डायकॉर कंपनीचं सेल्फ लेव्हलिंग (आपोआप पसरून सपाट होणारं) सीलंट भरलं. उभ्या बाजूला मात्र ते चालत नाही, ओघळतं, तिथे न ओघळणारं वेगळं मिळतं ते घ्या. त्यानंतर आजपर्यंत एक थेंब नाही.

तरीपण आतला कुबट वास जाईना. मला वाटलं जुनी ओल आहे, सुकेल. एप्रिलमध्ये आई आली, तिला हनीमन नावाच्या स्टेट पार्कला घेऊन गेलो, आणि ट्रेलरमध्ये पाय ठेवल्या ठेवल्या म्हणाली, "अगं, पोटमाळ्याचा वास येतोय इथे. गादी उचल बघू." गादी उचलली तर खालच्या प्लायवूडवर पाण्याचा ओला डाग, गादीच्या कापडावर भिंतीकडच्या बाजूला काळ्या ठिपक्यांची बुरशी, मोहरी सांडल्यासारखी. मी नऊवेळा चादर बदलली असेन पण गादी कधी उचलली नव्हती. आणि मीठ पाझरलेलं, पापड सादळलेले, हे तर माझ्या डोळ्यासमोर होतं, कोकणातली असून मला कळलं नाही याचं फार वाईट वाटलं.

पाणी येत होतं ते आमच्याच श्वासातून आणि स्वयंपाकातून. चार माणसं एवढ्याशा खोक्यात रात्रभर झोपली की थंड भिंतीवर वाफ धरणारच, गादीखाली हवा नाही म्हणून तिथे जास्त. त्यात मी सकाळी गारठा घालवायला गॅसची शेगडी पेटवून ठेवायचे, ते तर बंदच करा, एक तर कार्बन मोनॉक्साइडचा धोका, आणि दुसरं म्हणजे एक किलो प्रोपेन जळलं की दीड किलोच्या वर पाण्याची वाफ आतच सुटते. ट्रेलरमध्ये बसवलेल्या फर्नेसचा (गॅसवरच्या हीटरचा) धूर बाहेर जातो, त्यामुळे तो लावा.

आईने सांगितलं ते तिथल्या तिथे केलं, गादी भिंतीपासून चार बोटं सरकवली आणि पाठीमागची खिडकी इंचभर उघडी ठेवली. घरी आल्यावर गादीखाली लाकडी पट्ट्यांची जाळी टाकली. छताच्या पंख्यावर पावसाचं झाकण बसवलं म्हणजे तो पाऊस पडत असतानाही चालू ठेवता येतो, स्वयंपाक करताना पंखा आतली हवा बाहेर फेकतो आणि त्या इंचभर खिडकीतून कोरडी नसली तरी ताजी थंड हवा येते. थंडीत खिडकी उघडी ठेवायला नवरा तयार नव्हता, पण सकाळी काचा कोरड्या बघितल्यावर त्याचा विरोध मावळला. हवेतली ओल ओढून घेणारा डीह्युमिडिफायर आधी छोटा टेबलावरचा घेतला होता तो पैसे वाया, थंडीत जेमतेम वाटीभर पाणी काढायचा. कॉम्प्रेसरवाला घेतला तर एका रात्रीत दोन लिटर. आता आतली आर्द्रता 78 वरून 55 टक्क्यांच्या आसपास असते.

विजेचं गणित मात्र लक्षात ठेवा. 30 अँप म्हणजे 120 व्होल्टला 3600 वॅट, त्यात 1500 चा हीटर आणि इन्स्टंट पॉट (विजेवरचा कुकर) चालू असताना मायक्रोवेव्ह लावला की ब्रेकर पडलाच. आम्ही हीटर बंद करून मगच भात गरम करतो.

वाऱ्याबद्दल थोडं. न्यूपोर्टच्या याक्विना बे पुलावर, 1936 चा आहे आणि अतिशय देखणा, आडव्या वाऱ्यात ट्रेलर घेऊन जाताना माझे हात घट्ट होतात. हवामानात जोराचा वारा असेल तर निघू नका, एक दिवस थांबा. ऑनिंग, म्हणजे ट्रेलरच्या बाजूची गुंडाळता येणारी कापडी पडवी, तर रात्री उघडी ठेवायचीच नाही. हनीमनला झाडांचा आडोसा आहे आणि समुद्र वाळूच्या डोंगरांपलीकडे, त्यामुळे वारा कमी लागतो, फक्त पाऊस थांबल्यावरही झाडांवरून तासभर पागोळ्या गळत राहतात. बीचवर कुठेही जायला अडकाठी नाही, 1967 च्या कायद्याने इथली अख्खी किनारपट्टी सगळ्यांना खुली आहे, हे मला इथलं सगळ्यात मोलाचं वाटतं. पण पाणी वरून शांत दिसलं तरी हिवाळ्यात अचानक एक लाट खूप आत येते आणि वाळूवरचे ओंडके गडगडवते. आई पहिल्याच दिवशी नातीला म्हणाली, "समुद्राकडे पाठ करून उभं राहायचं नाही गं बाळा." तिथल्या इशाऱ्याच्या पाटीवर पण तेच लिहिलेलं होतं.

ट्रेलर विकणार का, अजिबात नाही. सप्टेंबर संपायच्या आत छतावर चढून एकेक सांधा तपासायचा, आपल्याकडे मे महिन्यात घर शाकारतात तसं, हे कॅलेंडरला लावलंय. कोणी जुना ट्रेलर घेणार असाल तर उन्हाच्या दिवशी बघायला जाऊ नका, दोन दिवस पाऊस पडून गेल्यावर जा, सगळी कपाटं उघडून आतले कोपरे हाताने दाबून बघा आणि गादी उचलायला सांगा, उचलू देत नसतील तर परत या.